पेड आणि पीळ

प्रथिनांचे रेणू पाण्यात सुटे फिरत असतात, सतत एकमेकांवर आपटत असतात. परिस्थिती जुळून आली की ते आपोआप एकत्र येतात आणि त्यांचे दोर, नळ्या, कवचे किंवा जाळी तयार होतात. या घटनेला प्रथिनांची स्वयंजुळणी म्हणतात. यातला 'स्वयं' अगदी शब्दशः घ्यायचा. इथे नकाशा लागत नाही, साचा लागत नाही, मुकादमही लागत नाही. कोणता रेणू कोणाला कोणत्या बाजूने चिकटणार हे त्याच्या पृष्ठभागावरचे उंचवटे, खळगे आणि विद्युतभार ठरवतात. तो चिकटणार की नाही आणि चिकटायला किती वेळ घेणार, हे मात्र भोवतालचे पाणी, तापमान आणि गर्दी यांच्या हाती असते. या दुसऱ्या भागाचा अभ्यास म्हणजे या विषयाचे भौतिक रसायनशास्त्र.

याच्या नेमके उलट काम मुंबईच्या डिलाईल रोडने शंभर वर्षे पाहिले. आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावर अपोलोसारख्या गिरण्या होत्या, आणि गिरणीत कापसाचा एकही तंतू आपल्या मर्जीने दुसऱ्याजवळ जात नसे. गासडी ब्लो रूममध्ये फुटे, कार्डिंगमध्ये तंतू विंचरले जात, पेळू ओढून ओढून बारीक होई आणि रिंग खात्यात चात्यांवर त्याला पीळ बसे. प्रत्येक पायरीला यंत्र होते आणि यंत्रापाशी माणूस उभा होता. धागा तुटला की तो सांधायला बोटे लागत. सुतातली शिस्त बाहेरून आणावी लागते आणि तिची किंमत वाफेत, विजेत नि घामात मोजावी लागते, हे या वस्तीइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच चौदा पेडांचा एक रेखीव पीळदार दोर कोणी न वळता, एका तांबड्या पेशीच्या आत, सेकंदाच्या अंशात तयार होतो हे कळले की माणूस थबकतो.

त्या दोरापर्यंत जाण्याआधी दह्याकडे पाहावे. जुळणीचे सगळे नियम तिथे उघड्या भांड्यात दिसतात. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायका ते रोजच्या रोज वापरत असत. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. त्याचे रेणू एकेकटे नसतात. हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या सूक्ष्म कणांभोवती गोळा होऊन बारीक गोळ्या बनवतात, आणि एका गोळीचा व्यास साधारण १०० ते २०० नॅनोमीटर असतो. म्हणजे दूध हीच मुळात एक झालेली जुळणी आहे. या गोळ्या पुढे एकमेकींना का चिकटत नाहीत? त्यांच्या अंगावर कापा-केसीन नावाच्या प्रथिनाची केसाळ लव असते आणि ती ऋणभारित असते. दोन गोळ्या जवळ आल्या की लव लवेला ढकलते, भार भाराला ढकलतो.

विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचा पीएच ६.७ च्या आसपास असतो, तो उतरत ४.६ कडे येतो. आम्लातले हायड्रोजन आयन ऋणभार पुसत जातात, लव आडवी पडते, आतले कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर पडते. आता गोळ्यांना दूर ठेवणारे काही उरत नाही. त्या साखळ्यांनी जोडल्या जातात, साखळ्यांचे जाळे होते आणि जाळ्यात सगळे पाणी अडकते. दह्याची कवडी म्हणजे हे जाळे. वजनाने पाहिले तर तिच्यात पाणीच सर्वाधिक असते. विरजण लावलेले भांडे हलवू नये, हा घरोघरचा दंडक इथून आला: जाळे विणले जात असताना धक्का बसला तर ते फाटते आणि निवळी सुटते. दूध आधी चांगले तापवून मग विरजावे, हेही तसेच. तापवल्यावर निवळीतली प्रथिने उलगडतात आणि गंधकाच्या बंधांनी केसीनच्या गोळ्यांना जोडली जातात. जाळे दाट होते, दही घट्ट लागते. खरवसाची गोष्ट थोडी वेगळी. चिकात निवळीतली प्रथिने, विशेषतः वासराला जगवणारी प्रतिपिंडे, इतकी असतात की आम्लाची गरजच पडत नाही. नुसत्या वाफेने ती उलगडतात आणि एकमेकांत गुंतून वडी बसते. मात्र खरवस परत चीक होत नाही. उष्णतेने मोडून झालेली जुळणी बहुधा एकमार्गी असते. पुढे ज्या दोराचा विचार करायचा आहे तो मात्र होतो आणि विरघळतो, पुन्हा होतो आणि पुन्हा विरघळतो. त्याचे सगळे दुष्टपण त्या येरझारीत आहे.

विस्कळीत रेणू आपण होऊन शिस्तीत येतात, हे पहिल्या नजरेला निसर्गनियमाच्या विरुद्ध वाटते. अव्यवस्था वाढत जावी, असे उष्मागतिकी सांगते आणि इथे तर व्यवस्था वाढताना दिसते. हा पेच सुटतो तो हिशेबात पाणी धरल्यावर. प्रथिनाच्या पृष्ठभागावर काही जागा तेलकट असतात, पाण्याला न मानवणाऱ्या. अशा जागेभोवती पाण्याच्या रेणूंना मोकळेपणाने हात फिरवता येत नाहीत, ते एकमेकांना धरून कडे करून राहतात. दोन तेलकट जागा एकमेकींवर बसल्या की हे कडे सुटते आणि अडकलेले रेणू मोकळे होतात. प्रथिने शिस्तीत आली, पण त्याहून अधिक पाणी बेशिस्त झाले. एकूण अव्यवस्था, म्हणजेच एन्ट्रॉपी, वाढलीच. वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ मध्ये हे सविस्तर मांडले आणि तेव्हापासून प्रथिनांच्या अभ्यासात पाणी नुसते भांडे भरण्यापुरते राहिले नाही. प्रथिने जोडली जातात यापेक्षा पाणी त्यांना आपल्यातून बाजूला सारते, असे म्हणणे सत्याला जास्त धरून आहे.

याचा एक परिणाम रोजच्या अनुभवाच्या उलटा आहे. तूप थंडीत थिजते, साखर थंड पाण्यात कमी विरघळते. पण पाण्याच्या सुटकेवर चालणाऱ्या जुळण्या ऊब मिळाली की होतात आणि थंडीत सुटतात. कातडी, अस्थिबंध आणि हाडे यांना आकार देणारे कोलॅजन घ्या. त्याचा रेणू तिपेडी आहे, हे मद्रासला गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये दाखवून दिले. थंडगार द्रावणात विरघळलेले कोलॅजन ३७ अंश सेल्सियसला आणले की त्याचे धागे होऊन गोठते. जुळणी किती आपोआप होते याचा दाखला एका विषाणूत मिळतो. तंबाखूच्या पानावर ठिपके पाडणाऱ्या या विषाणूचे कवच प्रथिनाच्या २,१३० एकसारख्या तुकड्यांचे बनलेले असते. १९५५ मध्ये बर्कलीत त्याचे प्रथिन आणि आरएनए वेगळे करून पुन्हा एका नळीत मिसळले, तेव्हा पानाला रोग लावणारा विषाणू पुन्हा उभा राहिला. कोणी तुकडे जागेवर बसवले नव्हते.

आता वेळेचा प्रश्न. रेणू जुळायला अनुकूल असले तरी लगेच जुळत नाहीत. दोन-चार रेणूंचे टोळके झाले की प्रत्येकाचे फिरण्याचे स्वातंत्र्य जाते, पण त्या बदल्यात शेजारी मात्र एक-दोनच मिळतात. सौदा तोट्याचा, म्हणून टोळके फुटते. नाक्यावर दोघे-तिघे उभे राहिले तर येणारी-जाणारी माणसे त्यांना हटवून पुढे जातात. पंधरा-वीस जमले की मग जाणाराही थांबून डोकावतो आणि घोळका आपोआप वाढतो. रेणूंच्या बाबतीत या उंबरठ्यावरच्या टोळक्याला बीज म्हणतात. बीज पडेपर्यंत वरवर काहीच घडत नाही आणि पडल्यावर सगळे झपाट्याने घडते. मधल्या शांततेला विलंबकाळ हे नाव आहे. जपानच्या फुमियो ओसावा यांनी १९६२ च्या सुमारास स्नायूंतल्या अ‍ॅक्टिन या प्रथिनावर काम करताना या गणिताची मांडणी केली. मेंदूत अल्झायमरच्या गाठी करणाऱ्या तंतूंनाही तेच गणित लागू पडते.

विलंबकाळाचा अर्थ सर्वांत तीव्रपणे कळतो तो सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला. डिलाईल रोडवरून करी रोडमार्गे परळला गेले की केईएम रुग्णालयाचे आवार लागते. तिथल्या बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. त्याआधी पाच वर्षे, १९५२ मध्ये, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगाला 'बॉम्बे रक्तगट' दाखवला होता, त्यामुळे रक्ताच्या अभ्यासाची परंपरा मुंबईत आधीपासूनच रुजलेली होती. पुढे या संस्थेच्या कामाचा मोठा भाग हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषांनी व्यापला. महाराष्ट्रात सिकलसेलचा भार गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या बाजूला आणि पश्चिमेकडे नंदुरबारला आहे, आदिवासी समाजांत विशेष. भारतात हा दोष पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत. जगात त्याची पहिली नोंद शिकागोच्या जेम्स हेरिक यांची, १९१० ची. ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात त्यांना विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या होत्या.

पेशी वाकते कारण तिच्या आत दोर वळला जातो. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो, त्यात एकूण ५७४ अमिनो आम्ले असतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णाच्या हिमोग्लोबिनचा विद्युतभार निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळा आहे. आजाराचे मूळ एका रेणूत आहे, असे ठामपणे सांगणारा तो पहिला निबंध. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रम यांनी नेमकी जागा शोधली: बीटा साखळीतल्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल हवे, तिथे व्हॅलिन आहे. ग्लुटामिक आम्ल ऋणभारित, पाण्यात रमणारे, व्हॅलिन तेलकट. दोन बीटा साखळ्या, म्हणून ५७४ पैकी दोनच फरक. दह्यात भार पुसला गेल्यावर गोळ्या चिकटल्या होत्या. इथेही भार गेला, आणि त्याच्या जागी एक चिकट टेकाड आले.

हे टेकाड एकटे काही करू शकत नाही, त्याला बसायला खळगा लागतो. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर फिनाइल-अ‍ॅलनिन आणि ल्युसिन यांच्यामध्ये तसा खळगा असतो. पण तो टेकाडाला जुळेल अशा स्थितीत येतो हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडल्यावर. ऑक्सिजन असताना रेणूचा आकार थोडा निराळा असतो आणि टेकाड खळग्यात नीट बसत नाही. म्हणून फुफ्फुसातून निघालेले रक्त निर्धोक असते. ऑक्सिजन स्नायूंना, आतड्यांना देऊन झाला, म्हणजे हिमोग्लोबिनने आपले नेमून दिलेले काम चोख केले, की ते दोर वळायला मोकळे होते. या रोगातली ही गोष्ट मनाला फार लागते.

दोराची घडण गिरणीतल्या जाणत्या माणसालाही पसंत पडावी अशी आहे. दोन-दोन रेणूंच्या रांगा मिळून दुपेडी बनते आणि अशा सात दुपेड्या एकमेकींभोवती पीळ घेतात. एकूण पेड चौदा, दोराची जाडी सुमारे २१ नॅनोमीटर. शरीर स्वतःही असे दोर आणि नळ्या वळते. पेशीत जिच्यावरून सामान वाहून नेले जाते ती सूक्ष्मनळी तेरा पेडांची नि २५ नॅनोमीटरची असते. पण तिथे जोडणीवर आणि सोडणीवर ऊर्जा खर्च होते, नियंत्रण असते, नळी हवी तेव्हा बांधता येते आणि नको तेव्हा मोडता येते. सिकल हिमोग्लोबिनच्या दोरावर असा कोणताही अंमल नाही. तो वाढत जाऊन पेशीच्या कातडीला आतून टोचतो, आणि एरवी रबरासारखी वळणारी तांबडी पेशी काठीसारखी ताठ होते.

मग प्रश्न उरतो की रुग्णाच्या प्रत्येक पेशीत, प्रत्येक फेरीत असे का होत नाही. याचे उत्तर १९७४ मध्ये अमेरिकेत हॉफरिक्टर, रॉस आणि ईटन यांनी विलंबकाळ मोजून दिले. मोजल्यावर जे निघाले ते रसायनशास्त्रात दुर्मीळ आहे. दोर सुरू व्हायला लागणारा वेळ हिमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताने बदलतो. साध्या रासायनिक क्रियेत संहती दहा टक्क्यांनी वाढली तर वेग दहा-वीस टक्क्यांनी वाढावा. इथे दहा टक्के वाढीने विलंबकाळ सतरा पटींनी घटतो. पाच टक्क्यांनीही तो चौपटीहून जास्त घटतो. पेशीला केशवाहिनीतून पार व्हायला साधारण एक सेकंद लागतो. विलंबकाळ त्याहून मोठा असेल तर बीज पडण्याआधीच पेशी निघून जाते, फुफ्फुसात पोचते, ऑक्सिजन घेते आणि धोका टळतो. विलंबकाळ एका सेकंदाच्या आत आला तर ती अरुंद वाटेतच ताठ होते. मागून येणाऱ्या पेशी अडतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा सुरू होतात.

तिसावा घात येतो कुठून? एक कारण बीजाचा आकार: अनेक रेणू एकाच वेळी एकत्र यावे लागतात. दुसरे कारण गर्दी, आणि ते समजायला डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींचा उपयोग होतो. या रस्त्यावर अशा ३२ चाळी होत्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. गिरणीच्या काळात गावाहून आलेली माणसे अशा खोल्यांत पाळीपाळीने झोपत. मोकळ्या खोलीत एक ट्रंक वाढली तर काही बिघडत नाही. खच्चून भरलेल्या खोलीत तीच ट्रंक आली की सगळ्यांना अंग चोरावे लागते. तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू कोंबलेले असतात, डेसिलिटरला साधारण ३४ ग्रॅम. एका रेणूने व्यापलेल्या जागेत दुसऱ्याचे केंद्र येऊ शकत नाही, म्हणून खरी मोकळी जागा दिसते त्याहून फार कमी असते. पाणी थोडे आटले तरी उरलेली मोकळीक झपाट्याने संपते, आणि दाटून बसण्याकडे, म्हणजे दोराकडे, सगळ्यांचा कल जातो. ऑक्सिजन सोडलेल्या सिकल हिमोग्लोबिनची विद्राव्यता ३७ अंशांना डेसिलिटरला सुमारे १७ ग्रॅम आहे. पेशीत त्याच्या दुप्पट माल भरलेला असतो. रुग्ण जगतो तो विद्राव्यतेच्या आधारावर नव्हे, विलंबकाळाच्या आधारावर.

एकदा बीज पडल्यावर दुसरे संकट उभे राहते. १९८५ मध्ये फेरोन, हॉफरिक्टर आणि ईटन यांनी दाखवले की तयार दोराच्या अंगावर नवी बीजे कितीतरी सहज पडतात. एकाचे अनेक, अनेकांचे असंख्य. म्हणून जुळणी हळूहळू न वाढता भडकते. फुफ्फुसात परतल्यावर दोर विरघळतात खरे, पण प्रत्येक येरझारीत पेशीचे आवरण थोडे फाटते, पाणी आणि पोटॅशियम गळते, पेशी आणखी आटते आणि पुढचा विलंबकाळ आणखी छोटा होतो. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही दहा ते वीस दिवसांत संपते. रक्तक्षय त्यातूनच येतो.

सिकलसेलच्या मुलाला डॉक्टर जे सांगतात ते सगळे या गणितातून निघते. पाणी भरपूर पी. उन्हातान्हात दमू नकोस. ताप अंगावर काढू नकोस. जुलाब झाले तर थांबू नकोस, लगेच ये. प्रत्येक सूचनेचा अर्थ एकच: पेशीतले पाणी टिकव, विलंबकाळ लांबव. चंद्रपूरच्या मे महिन्यात रोजंदारीवर जाणाऱ्या घरात 'भरपूर पाणी पी' हा सल्ला किती जड आहे, हे समजून घेतल्याशिवाय तिसाव्या घाताचे गांभीर्य कळत नाही. थंडीबद्दल मात्र एक गोंधळ होण्यासारखा आहे. कोलॅजनप्रमाणे हा दोरही पाण्याच्या सुटकेवर वळतो, म्हणून परीक्षानळी बर्फात ठेवली की तो विरघळतो. तरीही रुग्णाला थंडीपासून जपावे लागते. थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त रेंगाळते आणि पेशीला वाटेत जास्त वेळ लागतो. रेणूला मिळालेला फायदा अशा रीतीने वाहिनीत वाया जातो.

औषधाचाही मार्ग याच वाटेने जातो. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते, म्हणून पहिले काही महिने रोग दिसत नाही. या हिमोग्लोबिनची गॅमा साखळी दोरात बसत नाही. तिचे आणि सिकल साखळीचे मिश्र रेणूही बसत नाहीत. असे रेणू पेशीत जितके जास्त, तितके दोराच्या कामाचे रेणू पातळ होतात, आणि तिसावा घात आता रुग्णाच्या बाजूने काम करतो: थोडी पातळी उतरली तरी विलंबकाळ पुष्कळ वाढतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते आणि पेशीचे आकारमानही वाढवते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने कळांचे झटके कमी केले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचारही मज्जेतल्या पेशींत गर्भीय हिमोग्लोबिनच पुन्हा सुरू करतो. त्याची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे, गोळी मात्र आवाक्यात आहे. त्यामुळे आपल्याकडचा खरा प्रश्न रुग्ण वेळेत ओळखण्याचा आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर तपासणीवर आहे तो यासाठी.

गावातल्या शिबिरात होणारी पहिली तपासणी म्हणजे बोटाएवढ्या नळीत केलेली स्वयंजुळणीच. रक्ताचा एक थेंब फॉस्फेटच्या दाट द्रावणात सोडतात. पेशी फुटतात, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेते, फॉस्फेटमुळे विद्राव्यता घटते. नळीमागे रेघा आखलेला कागद धरलेला असतो. हिमोग्लोबिन निरोगी असेल तर द्रावण नितळ राहते आणि रेघा स्पष्ट दिसतात. सिकल असेल तर ते गढूळ होते आणि रेघा झाकल्या जातात. नवजात बाळावर ही परीक्षा चालत नाही, कारण त्याचे गर्भीय हिमोग्लोबिन जुळणी होऊ देत नाही. शिवाय नळी रुग्ण आणि वाहक यांच्यात भेद करत नाही, दोघांचेही द्रावण गढूळते. वाहकाच्या पेशीत सिकल हिमोग्लोबिन साधारण ४० टक्के किंवा त्याहून कमी असते. बाकीचे निरोगी, त्यामुळे त्याचा विलंबकाळ लांब राहतो आणि त्याला सहसा काही त्रास होत नाही. तो मलेरियाच्या जीवघेण्या तडाख्यातूनही बऱ्याच अंशी वाचतो, आणि म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. कोण रुग्ण आणि कोण वाहक हे ठरवण्यासाठी गढूळ नळीचे रक्त पुढे प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिन सरकवून पाहतात, पॉलिंग यांनी १९४९ मध्ये पाहिले तसेच. ऋणभार कमी असलेले सिकल हिमोग्लोबिन मागे राहते. रुग्णाच्या पट्टीवर निरोगी हिमोग्लोबिनची जागा रिकामी दिसते. वाहकाच्या पट्टीवर दोन डाग असतात, एक पुढे, एक मागे.